‘सायकलवरून पडला’ असे सांगताना वेगही सांगा: घरी बनवलेल्या जोरदार ई-सायकली आणि आपले आरोग्य

गेल्या पावसाळ्यात मळवलीच्या माझ्या दवाखान्यात एक आई आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ‘‘सायकलवरून पडला, डॉक्टर. जरा खरचटलंय, एक धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन टाका,’’ असे तिचे म्हणणे. कोपर आणि गुडघा सोलवटला होता. डाव्या बरगडीखाली रुपयाएवढा गोल वळ होता. मुलगा चालत आला होता आणि नीट बोलत होता. मी जखमा धुतल्या, इंजेक्शन दिले आणि त्याला घरी पाठवण्याच्या बेतात होतो.

आई औषधे घ्यायला बाहेर गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘‘सायकल साधी नव्हती, डॉक्टर. मोटर लावलेली होती. पन्नासला असेल.’’

त्या एका वाक्याने सगळे बदलले. तो वळ हँडलच्या टोकाचा होता. मी त्याला लगेच सोनोग्राफीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवले. पानथरीला, म्हणजे प्लीहेला, चीर गेली होती आणि पोटात रक्त साचू लागले होते. वेळेत पोहोचल्यामुळे शस्त्रक्रिया न करता, काही दिवस देखरेखीखाली ठेवून तो बरा झाला. घरी गेला असता तर रात्री काय झाले असते, हा विचार मी अजून करतो.

मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर विकत घेऊन साध्या सायकलीची किंवा जुन्या मोपेडची ताकदवान ई-बाइक बनवणे आता अवघड राहिलेले नाही. सुटे भाग घरपोच मिळतात आणि जोडणी मोबाइलवर पाहून शिकता येते. हा लेख अशा मुलांना नावे ठेवण्यासाठी नाही. स्टेशनपासून गाव लांब असते, पेट्रोल परवडत नाही, रात्रपाळी सुटते तेव्हा रिक्षा नसते, आणि हाताने काही घडवण्याचा आनंदही खरा असतो. पण या गाडीचे धोके शरीराच्या भाषेत कोणी समजावून सांगत नाही. ते इथे पाहू.

नियम २५० वॅटवरच का थांबतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ज्या बॅटरीवरील गाडीच्या मोटरची ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा (२५० वॅट) कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ती काही अटींवर ‘मोटार वाहन’ मानली जात नाही. तिला नोंदणी, परवाना आणि विमा लागत नाही. मात्र तिचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्यामागचा विचार असा की एवढ्या वेगाची गाडी सायकलीसारखीच वागते.

हीच सवलत पळवाट ठरली. कागदावर २५० वॅटची गाडी घ्यायची आणि नंतर मोटर किंवा कंट्रोलर बदलून वेग वाढवायचा, असे प्रकार होऊ लागले. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. ती कारखान्यात बनलेली गाडी होती, पण त्या काळात देशभर अशा आगींच्या बातम्या येत होत्या. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकवर कारवाई करण्याचे आदेश राज्यातील आरटीओंना दिले.

घरी जोडलेली १,००० किंवा २,००० वॅटची सायकल या सवलतीत बसत नाही. ती कायद्याने मोटार वाहन ठरते. पण तिच्या नमुन्याची चाचणी झालेली नसल्याने तिची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसल्याने विमाही मिळत नाही. नोंदलेल्या गाडीत परवानगीशिवाय असा बदल केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

कुटुंबासाठी दंडापेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. अशा गाडीने रस्त्यावर कोणाला धडक दिली, तर त्या जखमी माणसाची भरपाई देणारी विमा कंपनीच नसते. तो भार घरावर येतो.

वेग दुप्पट, मार चौपट

वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. हे समजायला सोपा हिशोब असा: ताशी २५ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे साधारण आठ फुटांवरून पडणे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सुमारे ३२ फुटांवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे. तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या मुलाला कोणी ‘जरा खरचटलंय’ म्हणून दवाखान्यात आणत नाही.

थांबण्याचाही विचार करा. समोर म्हैस किंवा माणूस दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात २५च्या वेगाची गाडी ७ मीटर जाते आणि ५०ची १४ मीटर. त्यापुढचे ब्रेकचे अंतर वेगळे, आणि ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. आपल्याकडे लोणावळा-मावळात पावसाचे चार महिने रस्ते ओले असतात. भाजे-लोहगड बाजूच्या चढ-उतारांवर शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर जड वाहने धावत असतात.

साध्या सायकलीची घडण या वेगासाठी नसतेच. तिच्या जुन्या चौकटीचे वेल्डिंग, पातळ टायर आणि रबरी ब्लॉकचे ब्रेक माणसाच्या पायांच्या ताकदीपुरते असतात. चाकात बसणारी जोरदार हब मोटर आपल्या आसालाच उलटा पीळ देते. तो पीळ धरून ठेवणारी पोलादी पट्टी लावलेली नसेल, तर आस खाचेतून निसटते आणि चालत्या गाडीचे चाक सुटते. असे पडताना हात टेकवायलाही वेळ मिळत नाही. डोके आणि चेहरा आधी आपटतो.

बॅटरी: घरात झोपलेल्यांचा धोका

अपघात चालवणाऱ्याला होतो. बॅटरीची आग मात्र चार्जिंगच्या वेळी, घरातल्या झोपलेल्या माणसांवर येते.

७२ व्होल्ट, ३० अँपिअर-अवरच्या बॅटरीत दोन युनिटांहून अधिक वीज साठते. म्हणजे शंभराहून जास्त मोबाइलच्या बॅटऱ्या एका डब्यात भरल्यासारखे. लिथियम-आयनचा एखादा सेल आतून शॉर्ट झाला, जास्त चार्ज झाला, चेपला किंवा त्यात पाणी गेले, तर तो तापतो. ठराविक तापमानानंतर आतली रासायनिक क्रियाच उष्णता निर्माण करत राहते आणि शेजारचे सेल एकामागून एक पेटतात. प्लग काढून ही क्रिया थांबत नाही. विझल्यासारखी वाटणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

कंपनीच्या बॅटरीत प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, असते. घरी जुन्या लॅपटॉपचे किंवा भंगारातले सेल जोडले, तर काही सेल थकलेले आणि काही ताजे असे मिश्रण होते. बीएमएस स्वस्तातला किंवा नसलेलाच, आणि चार्जर दुसऱ्याच प्रकारच्या बॅटरीचा, असे झाले की आगीची सगळी तयारी झाली.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात स्कूटरची बॅटरी काढून चार्जिंगला लावली होती. तिचा स्फोट झाला आणि त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला. उपचार सुरू असताना त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूत वेल्लोरला चार्जिंगला लावलेली ई-बाइक पेटली आणि धुरात गुदमरून बाप-लेकीचा अंत झाला. सप्टेंबरमध्येच सिकंदराबादला ई-बाइकच्या शोरूमला लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरला आणि आठ जण गेले. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटरीच्या आगींत १८ लोक दगावले. त्याच वर्षी त्या शहराने प्रमाणित नसलेल्या ई-बाइक बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी आणली.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने ‘एआयएस १५६’ या मानकाचे कडक नियम दुचाकींच्या बॅटरीसाठी लागू झाले. घरी जोडलेली बॅटरी यातल्या कोणत्याच चाचणीतून गेलेली नसते.

आणखी एक दुखापत फारशी कोणाला माहीत नसते. बॅटरी जोडताना हातातली अंगठी, कडे किंवा धातूचा पट्टा दोन टोकांना टेकला, तर क्षणात तो धातू लालबुंद होतो आणि बोटाभोवती गोल, खोल भाजते. कधी बोट गमवावे लागते. शिवाय ७२ व्होल्टची म्हणवली जाणारी लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ८४ व्होल्टपर्यंत जाते. ओल्या हाताला हा विजेचा धक्का साधा नसतो.

पडल्यावर काय पाहावे?

बाहेरून जखम छोटी म्हणून आतला मार छोटा, असे समजू नका. पुढीलपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा किंवा १०८ला फोन करा:

• थोडा वेळ का होईना, शुद्ध हरपणे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बडबड किंवा झटका
• कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव
• पोटावर हँडलचा वळ, पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, चक्कर, घाम, फिकटपणा
• मान किंवा पाठ दुखणे, हातापायांना मुंग्या किंवा बळ कमी होणे
• लघवीतून रक्त, श्वास घेताना छातीत कळ
• हाड मोडलेल्या जागी वाढतच जाणारी असह्य वेदना, बोटे थंड किंवा बधिर पडणे

डोक्याच्या मारात एक फसवा काळ असतो. मुलगा पडल्यावर उठतो, बोलतो, जेवतो आणि काही तासांनी गुंगीत जातो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असते. त्यामुळे ‘आता बरा आहे’ म्हणून त्याला एकट्याला झोपू देऊ नका. पोटाच्या मुक्या मारातही लक्षणे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी दिसतात. डाव्या खांद्यात दुखणे हे खांद्याला मार नसतानाही पानथरीच्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.

मानेला मार असल्याची शंका असेल, तर त्याला उठवून बसवू नका आणि दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. शुद्धीवर नसेल तर पाणी पाजू नका. हेल्मेट घाईने ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, मान स्थिर धरून काढा.

मागे बसवलेल्या लहान मुलांची टाच चाकाच्या आऱ्यांत अडकते. साध्या सायकलीवरही ही जखम खोल असते. मोटरच्या चाकात ती जास्त गंभीर होते, कारण चाक आपोआप थांबत नाही.

भाजल्यावर आणि धूर गेल्यावर

• भाजलेल्या भागावर २० मिनिटे नळाचे वाहते, साधे पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावू नका.
• अंगठी, घड्याळ, कडे सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका.
• फुटलेल्या बॅटरीतील द्रव अंगावर किंवा डोळ्यांत गेला, तर भरपूर पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे धुवा आणि ताबडतोब रुग्णालयात जा.
• बॅटरी पेटली तर सामान वाचवायला थांबू नका. सगळ्यांना बाहेर काढा, जाता जाता दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ला फोन करा.

लिथियम बॅटरीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन फ्लोराइडसारखे दाहक वायू असतात. नाकात काजळी, जळालेले केस, घोगरा आवाज, खोकला, डोकेदुखी यांपैकी काही असेल तर बाहेर भाजलेले नसले तरी रुग्णालयात जा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत तो आकडा चांगला दाखवतो, प्रत्यक्षात रक्तात ऑक्सिजन कमी असतो. ‘बॅटरीचा धूर गेला आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यानुसार उपचार बदलतात.

खरे सांगायला का घाबरता?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. मुलगा आईबाबांना घाबरतो, आईबाबा पोलिसांना घाबरतात, आणि दवाखान्यात ‘सायकलवरून पडला’ एवढेच सांगितले जाते. मग डॉक्टर आठ फुटांवरून पडल्याचा हिशोब लावतो, आणि मार असतो तिसऱ्या मजल्यावरचा.

अपघाताची नोंद रुग्णालयाला पोलिसांकडे करावी लागते, हे खरे आहे. पण उपचार त्या नोंदीसाठी थांबत नाहीत. तातडीचे उपचार देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. जखमीला मदत करून रुग्णालयात आणणाऱ्या माणसालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार संरक्षण आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहनाच्या अपघातातील जखमींसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. तीत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. रुग्णालयात पोहोचल्यावर तिच्याबद्दल विचारा. अपघात लपवला तर अशा मदतीचा रस्ताही बंद होतो.

डॉक्टरांना एवढे जरूर सांगा: वेग अंदाजे किती होता, कशावर आदळला, हेल्मेट होते का, हँडल पोटात लागले का, शुद्ध गेली होती का, बॅटरी फुटली का.

घरात मुलगा अशी गाडी बनवत असेल तर

सुटे भाग फेकून देऊन प्रश्न सुटत नाही. तो मित्राच्या गोठ्यात बनवेल आणि तुम्हाला कळणारही नाही. त्याच्याजवळ बसा आणि विचारा: मोटर किती वॅटची? सेल कुठून आणले? बीएमएस आहे का? चार्जर कोणता? ब्रेक कोणते? हे प्रश्न त्याला आवडतील, कारण ते त्याच्या कामाची दखल घेणारे आहेत. मग पुढच्या गोष्टी ठरवा:

१. रस्त्यावर न्यायची असेल तर २५० वॅट आणि २५च्या वेगाची प्रमाणित ई-सायकल घ्या. जास्त वेग हवा असेल तर वय आणि परवाना झाल्यावर नोंदणीची गाडी घ्या.
२. जुन्या किंवा भंगारातल्या सेलची बॅटरी घरात नको. बॅटरी चेपली, फुगली, भिजली किंवा तिला वास येऊ लागला, तर ती चार्ज करू नका. तिला घराबाहेर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा.
३. चार्जिंग जागेपणी करा. दारात, जिन्यात किंवा झोपण्याच्या खोलीत करू नका, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. चढ चढून आलेली गरम बॅटरी आधी थंड होऊ द्या.
४. बॅटरीवर काम करताना अंगठी, कडे, साखळी काढून ठेवा. एकट्याने काम करू नका.
५. वेग कितीही असो, पूर्ण चेहरा झाकणारे आयएसआय हेल्मेट घाला आणि पट्टा लावा.
६. अशा गाडीवर मागे कोणालाही बसवू नका, लहान भावंडाला तर अजिबात नाही.

ज्या मुलाला मोटर आणि कंट्रोलर जोडता येतो, त्याच्या हातात कसब आहे. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिक वाहनांचे शिक्षण घेऊन तेच कसब त्याची रोजीरोटी होऊ शकते. त्या पानथरीच्या चिरेतून वाचलेल्या मुलाला मी तपासणीच्या वेळी हेच सांगितले. तो म्हणाला, ‘‘मोटर काढून ठेवलीय, डॉक्टर. पंपाला लावणार आहे.’’ त्याची आई शेजारीच उभी होती. या वेळी तिला सगळे माहीत होते.

हा लेख माहितीसाठी आहे. अपघात किंवा भाजण्याच्या प्रसंगी लेख शोधत बसू नका. १०८ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात जा.